चिठ्ठीतलं पहिलं नाव

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कारणं मिळत गेली. आधी नोकरी होती, मग मुलीचं लग्न, मग हिचं आजारपण, मग माझं. गेल्या महिन्यात विद्यापीठातून एका मुलीचा फोन आला. वार्तापत्राचा विशेषांक काढताहेत म्हणाली. अलीकडच्या वर्षांत प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी मिळवलेल्या यशाचा अंक.

"सर, गौरवाचं पान तुम्हीच इतकी वर्षं सांभाळलं ना? दोन पानं आठवणी लिहून द्या."

दोन पानं मी लिहून दिली. छापखान्यातल्या गमती, एका पाहुण्याचा फोटो चुकून शोकसंदेशाच्या चौकटीत जाता जाता वाचला तो किस्सा, असं सगळं. ती खूश झाली. फोन ठेवता ठेवता म्हणाली, "जुने अंक स्कॅन करताना पाहिलं सर, तुमच्या काळात एकसुद्धा शुद्धिपत्र नाही. कमाल आहे हो तुमची."

त्या दोन पानांत खोटं काही नाही. पण जे लिहायला हवं होतं तेही त्यात नाही. ते इथे लिहितो.

मी विद्यापीठाच्या प्रसिद्धी विभागात होतो. दर तीन महिन्यांनी आमचं वार्तापत्र निघायचं, आणि त्याचं शेवटचं पान माझ्याकडे होतं. त्या पानावर 'गौरव' असं ठळक नाव असायचं. खाली बातम्या. कोणत्या प्राध्यापकाला कुठला पुरस्कार, कोणत्या मुलीला कुस्तीत पदक, कोणता माजी विद्यार्थी न्यायाधीश झाला. प्रत्येक विभागातून माझ्याकडे चिठ्ठी यायची. अर्धा फूलस्केप कागद, खाली सही. त्या मजकुराच्या मी दोन-तीन ओळी करायचो. पानावर चौतीस ओळी बसत. पस्तिसावी कधीच बसली नाही.

या पानाचे दोन नियम होते. लिहिलेले कुठेच नव्हते, पण माझ्या आधीच्या माणसाने मला शिकवले होते आणि त्याला त्याच्या आधीच्याने. पहिला नियम असा की एका बातमीत दोन-तीन नावं असतील तर ती ज्येष्ठतेने लावायची. आधी विभागप्रमुख, मग प्राध्यापक, विद्यार्थी असला तर शेवटी. काम कोणी केलं हे आमच्याकडे कोणी विचारत नसे. दुसरा नियम असा की पान तयार झाल्यावर वरून एखादी बातमी आली, तर जागा करण्यासाठी खालच्या बातम्यांची शेवटची ओळ काढायची. छापखान्यातला ऑपरेटर याला 'शेपटी छाटणं' म्हणायचा. मी मुद्रितं घेऊन गेलो की तो खुर्चीवरून मागे वळायचा.

"बोला साहेब, आज किती शेपट्या?"

मीही हसायचो. हे दोन नियम एकत्र आले की छाटलं जाणारं नाव दर वेळी विद्यार्थ्याचंच असतं, हे इतक्या वर्षांत माझ्या कधी लक्षात आलं नाही. आलं असलं तरी मी तिथे थांबलो नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे घडलं. माझ्या पानावर कधी शुद्धिपत्र छापावं लागलं नाही, याचा मला फार अभिमान होता. आधीच्या माणसाच्या काळात दर दोन अंकांआड 'मागील अंकात नजरचुकीने' अशी चौकट असायची. माझ्या काळात एकही नाही. कोणी चूक दाखवली की मी म्हणायचो, पुढच्या अंकात बघू. पुढच्या अंकापर्यंत माणूस थकून जातो. बाहेरून ती अचूकता दिसायची.

निवृत्तीला दोन वर्षं राहिली असतील. एप्रिलमधली दुपार होती. कूलरचा पंखा खडखडत होता आणि मी कागदांवर वजनं ठेवून बसलो होतो. रसायनशास्त्राची एक मुलगी आली. पीएच.डी. करत होती. हातात गोंदाने चिकटवलेलं पाकीट, आणि दुसऱ्या हातात लाल पाण्याची काचेची बाटली.

"काका, सरांनी हे पाकीट दिलंय. आणि तुम्हाला नीट समजावून सांग म्हणाले, म्हणून हे आणलं."

"सरबत आहे का?"

"पिऊन बघा," ती म्हणाली. "उद्या तुमची बातमी वेगळ्या पानावर येईल."

मला हसू आलं, तीही हसली. तिने पिशवीतून कागदाची पुडी काढली, करड्या राखेची चिमूट बाटलीत टाकली, बूच लावून बाटली हलवली आणि माझ्या टेबलावर ठेवली. आम्ही बोलत होतो तेवढ्यात राख खाली बसायला लागली आणि वरचं पाणी फिकं होत गेलं.

ती उमरेडची होती, कोष्ट्याच्या घरची. वडील हातमागावर लुगडी विणायचे. सूत घरीच रंगवायचे आणि उरलेलं रंगाचं पाणी आई चुलीच्या राखेच्या ढिगावर ओतायची. ढिगाखालून जे पाणी झिरपायचं त्यात रंग नसायचा. "लहानपणी मला वाटायचं राख रंग पिते," ती म्हणाली. तेच तिने प्रयोगशाळेत नेलं होतं. कोराडीच्या वीजकेंद्राची राख घ्यायची आणि रंगाच्या कारखान्याचं पाणी तिच्यातून जाऊ द्यायचं. पहिलं पोतं तिने बसने आणलं होतं.

"कंडक्टर म्हणे, पोरी, राखेचं तिकीट काढ. मी म्हटलं, अर्धं द्या, अजून लहान हाय ती."

"दिलं त्याने?"

"नाही. पण पोतं धरून बसला बिचारा."

एका राष्ट्रीय परिषदेत तिने यावरचा शोधनिबंध वाचला होता. निबंधावर नावं दोघांची, तिचं आणि तिच्या मार्गदर्शक सरांचं. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं होतं.

तिच्यासमोरच मी पाकीट फोडलं. सरांचं अक्षर बारीक, सरळ. बातमीत तिचं नाव पहिलं होतं, त्यांचं दुसरं. कडेला समासात त्यांनी लिहिलं होतं: 'नावांचा क्रम कृपया असाच ठेवावा. काम तिचे आहे.'

हे मी वाचलं. तिला दिसलं नाही, ती बाटलीकडे बघत होती. मनात मी म्हटलं, सरांना आपल्या पानाचे नियम माहीत नाहीत.

"छापून येईल ना काका?"

"येईल."

"बाबांना सांगू?"

"सांग की."

बाटली टेबलावर तशीच ठेवून ती गेली. बातमी मी नियमाप्रमाणे लिहिली. पहिल्या दोन ओळींत सर, त्यांचा पुरस्कार, राख आणि पाणी. तिसऱ्या ओळीत तिचं नाव. पान लागलं. त्याच संध्याकाळी वरून फोन आला, एका वजनदार माणसाचा कुठल्याशा क्लबात सत्कार झालाय, तेवढं घ्या. दोन ओळी हव्या होत्या. ऑपरेटरने खुर्ची वळवली आणि मी मुद्रितावर दोन ठिकाणी पेन्सिलीने आडवी रेघ मारली. त्यातली एक रेघ तिच्या नावावर होती. या कामाला पाण्याचा ग्लास रिकामा करण्याइतकाही वेळ लागला नाही.

अंक निघाला. शहरातल्या एका दैनिकाने तिथून बातमी उचलली आणि सरांचा जुना फोटो लावून छापली. सर तेव्हा इथे नव्हते. चिठ्ठी पाठवली त्याच आठवड्यात ते तीन महिन्यांसाठी परदेशातल्या एका विद्यापीठात गेले होते.

आठ दिवसांनी ती परत आली. या वेळी बसली नाही. अंक उघडून तिने माझ्यासमोर ठेवला.

"काका, यात माझं नाव नाही."

"जागा कमी पडते बेटा. पुढच्या अंकात बघू."

"जागेचं नाही विचारत." तिने बोट ठेवलं होतं ते सरांच्या नावावर. "मला एवढंच सांगा. सरांनी चिठ्ठीत माझं नाव लिहिलं होतं का?"

नंतर कळलं की विभागातल्या दोघा-तिघांनी तिचे कान भरले होते. परिषदेत दोघांची नावं आणि घरी आल्यावर एकट्याचं, असंच असतं, मोठी माणसं अशीच वर चढतात, वगैरे. तिला ते पटत नव्हतं. म्हणूनच ती माझ्याकडे आली होती. दैनिकाचं आणि वार्तापत्राचं तिला काही पडलेलं नव्हतं. चार वर्षं ज्या माणसाच्या हाताखाली ती शिकली, तो तसा आहे की नाही, एवढंच तिला हवं होतं. आणि सरांखेरीज हे ठाऊक असणारा माणूस जगात मी एकटा होतो.

चिठ्ठी माझ्या ड्रॉवरमध्ये होती. ड्रॉवर माझ्या गुडघ्याला लागत होता.

मी म्हटलं, "चिठ्ठीत जे होतं तेच छापलं."

"चिठ्ठी बघायला मिळेल?"

"चिठ्ठ्या आम्ही ठेवत नाही."

ती "बरं" म्हणाली आणि अंकाची घडी घातली. जाताना तिचं लक्ष मी खिडकीत ठेवलेल्या बाटलीकडे गेलं. पाणी एव्हाना स्वच्छ झालं होतं, तळाला राखेचा थर. मला वाटलं ती बाटली घेऊन जाईल. तिने ती घेतली नाही.

असं का बोललो याचं उत्तर मी इतकी वर्षं स्वतःला वेगवेगळं दिलं आहे. खरं उत्तर लहान आहे. चिठ्ठी दाखवली असती तर समासातली सूचनाही दिसली असती. लेखी सूचना डावलली म्हटल्यावर शुद्धिपत्र छापावंच लागलं असतं, माझं पहिलं आणि तेही निवृत्तीच्या तोंडावर. तेवढ्यासाठी. मला वाटलं, पोरगी लहान आहे, विसरेल, पुढे पन्नास बक्षिसं मिळवेल.

तिने विभागात जाणं बंद केलं. मार्गदर्शक बदलून मिळेल का म्हणून एकदा अर्ज केला, तो कुठेतरी अडकला. मग ती उमरेडला निघून गेली. पीएच.डी. अर्धीच राहिली.

सर पावसाळ्यात परत आले आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलाशी. कमी बोलणारा माणूस. छत्री दाराशी टेकवून त्यांनी विचारलं, "माझ्या चिठ्ठीचं काय झालं?"

"जागा कमी पडली सर. शुद्धिपत्र घेतो पुढच्या अंकात."

"घ्याच." मग ते घुटमळले. "ती फोन उचलत नाही. पत्र पाठवलं, उत्तर नाही. इतकं चांगलं चाललेलं काम कोणी असं टाकून जातं का? तुमच्याकडे आली होती का ती?"

ही दुसरी वेळ होती. इथे सगळं दुरुस्त होऊ शकत होतं. सर त्याच दुपारी उमरेडच्या बसमध्ये बसले असते, याची मला खात्री आहे.

"नाही सर," मी म्हणालो. "इकडे नाही आली."

त्यांनी छत्री उचलली. शुद्धिपत्र पुढच्या अंकात आलं नाही, त्याच्या पुढच्या अंकातही नाही. त्यांनी दोनदा आठवण केली, मग सोडून दिलं.

माझ्या निरोपसमारंभात कुलसचिवांनी भाषणात सांगितलं की इतक्या वर्षांत गौरवाच्या पानावर एकही शुद्धिपत्र नाही. टाळ्या झाल्या. सर तिसऱ्या रांगेत होते. ते चष्मा पुसत होते. चष्मा पुसून झाला तरी पुसतच होते.

टेबल रिकामं करताना सगळ्या चिठ्ठ्या मी रद्दीत दिल्या. ती एक घरी आणली. बाटलीही आणली. का आणली ते सांगता येणार नाही. नंदनवनातल्या माझ्या घरी ती देवघराच्या वरच्या फळीवर होती. हिने एकदा विचारलं, "हे काय जी, गंगाजल काय?" मी हो म्हटलं. एकदा फळी पुसताना तिच्या हातून ती हलली आणि आतलं पाणी गढूळ झालं. दोन दिवस मी तिकडे बघितलं नाही.

निवृत्तीनंतर चारेक वर्षांनी माझ्या छातीचं दुखणं सुरू झालं. रामदासपेठेतल्या एका इस्पितळात दर महिन्याला जावं लागे. तिथल्या दारावर एक वयस्कर चौकीदार होता. बारीक अंगाचा, गणवेशाचा शर्ट दोन मापं मोठा. माझ्या खांद्याला विद्यापीठाचं चिन्ह असलेली कापडी पिशवी होती, निरोपसमारंभात मिळालेली. तो तिच्याकडे बघत म्हणाला, "विद्यापीठातले का जी तुम्ही?"

"होतो."

"माही पोरगी होती तिथं. मोठ्या शिक्षणाले. राखेवर काम करे. आमी उमरेडचे, माग बंद पडला तवा इकडं आलो." आणि मग, माझा हात धरून मला पायरी चढवता चढवता, "तुमच्या तिथल्या पेपरात नाव छापून आलं होतं तिचं."

मी मान हलवली असावी.

"मले काही तो पेपर पाहाले नाही भेटला. पोरगी म्हणे, आला होता बाबा, हॉस्टेलात हरवला. तुमच्या वळखीनं एक अंक भेटन का? फ्रेम करतो म्हटलं."

तिने त्यांना सांगितलं होतं की नाव छापून आलं. मी तिला म्हटलं होतं ना, सांग की. तिने तसं केलं होतं.

"शोधतो," मी म्हणालो.

पुढे दर महिन्याला हा प्रश्न होता. मी रिक्षातून उतरायचो आणि तो खुर्ची पुढे करायचा. पहिल्या वर्षी विचारायचा, "भेटला का जी?" दुसऱ्या वर्षी थट्टा करायला लागला. "साहेब, अजून शोधूनच राहिले का? सरकारी फाईल हाय काय?" दुसरा चौकीदार, एक तरुण, लांबूनच ओरडायचा, "काकाजी, तुमचा पेपर आला हो!" आणि म्हातारा त्याला दटावायचा, "चूप रे. साहेब बिमार हाय, आन तरी माह्या कामात हाय."

माझ्या छातीत तेव्हा जे व्हायचं ते डॉक्टरांच्या कागदावर कधी उमटलं नाही. डॉक्टर म्हणायचे, सगळं ठीक आहे, तुम्ही काळजी फार करता. वेळ बदलून बघितली. सकाळी गेलो तर तो सकाळी. दुपारी गेलो तर म्हणे, "आज ड्युटी बदलली जी, बरं झालं." एकदा मागच्या दाराने आत शिरलो. बाहेर आलो तर तो तिथे खुर्ची घेऊन उभा. "इकून काहून आले जी? इकडं पायऱ्या जास्त हाय न."

त्याच सुमारास सर गेले. वार्तापत्र आता फोनवर येतं. त्यात गौरवाच्या पानाआधी श्रद्धांजलीची चौकट होती आणि चौकटीत त्यांचा फोटो, दैनिकात आला होता तोच. घाटावर मी गेलो होतो. बायकांच्या घोळक्यात तिला शोधलं. ती नव्हती.

पुढच्या महिन्यात म्हाताऱ्याने काही विचारलंच नाही. नुसती खुर्ची पुढे केली. तो खंगला होता. परत येताना मी नंदनवनातल्या एका टायपिंगच्या दुकानात शिरलो. जुन्या अंकाचं शेवटचं पान दाखवलं आणि म्हटलं, हे असंच्या असं करून दे, फक्त एक बातमी मी सांगतो तशी घाल. घरी आणलेली ती चिठ्ठी मी सोबत नेली होती. तिच्यावरून मजकूर सांगितला. पहिलं नाव तिचं. दुसरं सरांचं. जागा करायला त्या वजनदार माणसाचा क्लबातला सत्कार मी काढून टाकला. दुकानदाराने अक्षरं जुळवली, कागद जरा पिवळसर निवडला.

ते पान म्हाताऱ्याने दोन्ही हातांनी घेतलं. चष्मा लावला. ओळीखाली बोट धरून वाचत गेला आणि थांबला.

"पहिलं नाव माह्या पोरीचं हाय!"

"हो."

"आन हे दुसरं कोनाचं जी?"

"तिच्या सरांचं."

त्या ओळीवरून त्याने पुन्हा एकदा बोट फिरवलं. म्हणाला, "भला मानूस दिसते. सोताच्या आधी पोरीचं नाव लावलं."

"हो," मी म्हणालो. "भला माणूस होता."

हे वाक्य मी तोपर्यंत कोणापाशी बोललो नव्हतो. आणि बोललो ते इस्पितळाच्या दारात, पार्किंगच्या शिट्ट्यांमध्ये, ज्याला त्यातलं काही ठाऊक नव्हतं त्याच्यापाशी.

पुढे तीन महिने खुर्ची दुसरा चौकीदार देत होता. चौथ्या महिन्यात तो म्हणाला, "काकाजी गेले साहेब. उमरेडलेच. परवा तेरवी झाली."

दुसऱ्या दिवशी मी उमरेडच्या बसमध्ये बसलो. शर्टाच्या खिशात चिठ्ठी होती. रस्ताभर मी तीन वाक्यं पाठ करत होतो. बेटा, ही सरांची चिठ्ठी, तुझं नाव त्यांनी पहिलं लिहिलं होतं. तू विचारलंस तेव्हा ती माझ्या ड्रॉवरमध्ये होती आणि मी खोटं बोललो. मला माफ कर. एवढंच. शेजारच्या बाईने विचारलं, "मंत्र म्हणून राहिले का बाबाजी?" मी मान डोलावली.

घर सापडायला त्रास झाला नाही. ओसरीत मागाचा खड्डा सिमेंटने बुजवला होता आणि त्यावर पाण्याचा ड्रम. ती दारात आली. चाळिशीला टेकलेली, डोक्याचे पुढचे केस पांढरे. तिथल्याच एका पॅथॉलॉजीत रक्त-लघवी तपासते, हे म्हाताऱ्याने सांगितलं होतं. तिने मला ओळखलं.

"काका, या. बसा."

आत भिंतीवर फ्रेम होती. माझं पान. ताज्या हारातून ओघळलेली झेंडूची पाकळी तिच्या काचेवर चिकटली होती. हार शेजारच्या बापाच्या फोटोला होता.

आईला आतून चहा आणायला सांगून ती माझ्यासमोर बसली. आवाज खाली आणला.

"हे तुम्ही करून दिलं ना बाबांना? मला बघताक्षणीच कळलं. खरा अंक माझ्यापाशी आहे." मी काही बोलण्याआधी तिने हात जोडले. "शेवटचा महिनाभर ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच दाखवत होते. दुखत असायचं तरी उठून दाखवायचे. काका, परक्या माणसासाठी इतकं कोण करतं?"

"बेटा, ते पान..."

"खोटं आहे, माहीत आहे मला. असू द्या. माझं नाव पहिलं टाकलं तुम्ही, खोटंच टाकायचं तर." ती हसली. तिचं ते हसणं बाटली हलवतानाचं होतं. "सरांनी जे केलं नाही, ते तुम्ही केलं."

चहा आला. कप मी तसाच खाली ठेवला.

"तुम्हाला आठवत नसेल," ती म्हणाली, "पण त्या दिवशी एकट्या तुम्ही मला खरं सांगितलं होतं. बाकी सगळे नुसते कुजबुजत होते. चिठ्ठीत जे होतं तेच छापलं म्हणालात तेव्हा वाईट वाटलं, पण सुटल्यासारखंही झालं. नाही तर मी आणखी चार वर्षं त्या माणसाच्या पाया पडत राहिले असते."

माझा हात खिशावर होता.

"सर गेल्याचं कळलं होतं. मैत्रिणींनी फोन केले, चल म्हणून. मी नाही गेले." ती फ्रेमवरची पाकळी काढायला उठली. "जावंसंच वाटलं नाही. चुकलं का काका माझं?"

चिठ्ठी आता बाहेर काढली, तर तिच्या हातात काय पडेल हे मला त्या क्षणी दिसलं. इतकी वर्षं तिने एका निर्दोष माणसाचा राग केला, त्याच्या पत्राला उत्तर दिलं नाही, त्याच्या घाटावर गेली नाही, आणि आता तो माणूस नाही. माझ्या छातीवरचं सगळं ओझं तिच्या छातीवर जाईल आणि मी हलका होऊन बसने घरी येईन. म्हणून मी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगतो. पण मागेही दोन वेळा मी खरं दडवलं होतं, आणि तेव्हा असं कुठलंच कारण नव्हतं. त्यामुळे या कारणावर माझाच विश्वास नाही.

"नाही," मी म्हणालो. "तुझं काही चुकलं नाही."

आता फोनवर वार्तापत्र आलं की मी शेवटचं पान उघडतो. कोणाला पेटंट, कोणाला सुवर्णपदक, कोणता माजी विद्यार्थी कुठे पोचला. प्रत्येक बातमीतलं शेवटचं नाव मी आधी वाचतो. आणि जिथे 'व इतर' असं लिहिलेलं असतं, तिथून माझी नजर बराच वेळ हलत नाही.

त्या दिवशी ती मला सोडायला उंबऱ्यापर्यंत आली. बापासारखाच कोपर धरून तिने मला पायरी उतरवली. मी थांबलो.

"बेटा."

"काय काका?"

चिठ्ठी खिशात घामाने ओली झाली होती. रस्त्यावरून पाण्याचा टँकर जात होता, तो जाईपर्यंत ती माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली.

"काही नाही," मी म्हणालो. "येतो."